हवा तपासणे आमचे काम, काटा खरा ठेवणे तुमचे : बारामती व इंदापूर तालुक्यांतील मोटारधारकांचे मागणीपत्र

प्रति,
उपप्रादेशिक परिवहन अधिकारी, बारामती
उपविभागीय अधिकारी, बारामती
तहसीलदार, बारामती व इंदापूर
वैधमापन शास्त्र विभाग, पुणे जिल्हा
भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण
दोन्ही तालुक्यांतील पेट्रोलपंपांशी संबंधित तेल कंपन्यांचे विक्री अधिकारी

विषय : मोटारींच्या टायरमध्ये योग्य दाबाची हवा ठेवता यावी यासाठी आवश्यक सोयी व तपासणीबाबत.

महोदय,

आम्ही बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले मोटारमालक आणि चालक आहोत. आमच्यात स्वतःच्या गाडीने एमआयडीसीत कामाला जाणारे आहेत, भाड्याच्या गाड्या चालवणारे आहेत, शाळेच्या मुलांची ने-आण करणारे आहेत, भिगवणची मासळी आणि निमगाव केतकीची डाळिंबे पुण्याच्या वाटेला लावणारे पिकअपवालेही आहेत. या पत्रात आम्ही टोलमाफी मागत नाही, इंधनाच्या दराबद्दल बोलत नाही. मागणी फक्त टायरमधल्या हवेची आहे. ती योग्य दाबाने भरली जावी, ज्या काट्यावर मोजली जाते तो काटा खरा असावा आणि मोजण्याची सोय गरजेच्या वेळी मिळावी.

टायरची जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची, हे न्यायालयाने स्पष्टच सांगितले आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचे मागचे टायर फुटले, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि आत बसलेला, घरचा कमावता माणूस गेला. टायर फुटणे ही देवाची करणी आहे, सबब भरपाई देणे लागत नाही, असे विमा कंपनीचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते फेटाळले. अतिवेग, कमी हवा, जास्त हवा, वापरलेले जुने टायर आणि तापमान ही टायर फुटण्याची कारणे असतात आणि प्रवासाला निघण्याआधी टायरची स्थिती पाहणे हे चालकाचे किंवा मालकाचे काम आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९४ तर त्याच्या कितीतरी आधीपासून लागू आहे. टायरमध्ये हवा योग्य असली पाहिजे, टायर सुस्थितीत असले पाहिजे आणि मोटारीच्या टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरता कामा नयेत, असे तो नियम सांगतो.

हे सगळे आम्हाला मान्य आहे. निकाल आमच्या विरुद्ध आहे असे आम्ही समजत नाही, उलट तो आमच्या घरच्या माणसांच्या बाजूचा आहे. पण तपासायचे काम आमचे असेल, तर तपासायचे साधन खोटे असून चालणार नाही. तराजू खोटा असेल तर गिऱ्हाइकाने माल जोखून घेतला नाही म्हणून त्याला दोष देता येत नाही. बारामतीहून इंदापूरकडे निघालेल्या माणसाला आज आपल्या टायरमध्ये नेमकी किती हवा आहे हे खात्रीने कळेल अशी सोय वाटेत सहज मिळत नाही.

हवा कमी असली की काय होते, हे पाहायचे असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे थोडा वेळ उभे राहावे. कमी हवेवर बरेच अंतर पळालेले टायर तो रिमवरून उतरवतो, आतून हात फिरवतो आणि तळहात काळा करून दाखवतो. आत काळा भुगा साठलेला असतो. टायरच्या बाजू रस्ता आणि रिम यांच्यामध्ये दर फेऱ्याला चेपतात, घासतात, तापतात आणि आतले रबर झिजून त्याचा भुगा होतो. बाहेरून बाजूवर एक फिकट गोल पट्टा उमटलेला असतो, तेवढीच काय ती खूण. असे टायर पुन्हा ३२ पीएसआयपर्यंत भरले तरी आतले दोरे कमकुवत झालेले ते झालेच. ते आज फुटत नाही, उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी भरल्या गाडीत फुटते. म्हणूनच ‘काल तर हवा भरली होती, तरी फुटलं कसं?’ हा प्रश्न आमच्याकडे इतक्या वेळा ऐकू येतो.

जुन्या ट्यूबच्या टायरमध्ये खिळा गेला की गाडी लगेच बसायची आणि माणूस थांबायचा. ट्यूबलेस टायर खिळा पोटात घेऊन आठवडे पळते, हवा रोज थोडी थोडी जाते. रेडियल टायरची बाजू योग्य हवेतही खाली थोडी फुगलेली दिसते. त्यामुळे लाथ मारून किंवा नुसते बघून हवा ओळखण्याची सवय आता कामाची नाही. चांगल्या टायरमधूनसुद्धा महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपोआप कमी होते. काट्याशिवाय हे कळायला दुसरा मार्ग नाही.

जास्त हवेचे नुकसानही तेवढेच खरे आहे. टायर मधून फुगते, रस्त्याला कमी टेकते, ब्रेक दाबल्यावर गाडी लांब जाऊन थांबते आणि मधला पट्टा आधी गोटा होतो. हवा योग्य ठेवली की मायलेज खूप वाढते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चारही टायरमधली हवा सरासरी एक पीएसआयने कमी झाली की सुमारे ०.२ टक्के इंधन जास्त जाते, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशोब आहे. म्हणजे पाच पीएसआय कमी असताना एक टक्का. मुद्दा पैशाचा कमी आणि जिवाचा जास्त आहे.

आमच्या भागाच्या हवामानाने हा प्रश्न आणखी अवघड केला आहे. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने उतरतो. एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीत असताना सावलीत उभ्या, गार टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली आणि पुढे कुणी हात लावला नाही, तर डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत त्याच टायरमध्ये जेमतेम २८ उरतात. त्यात महिन्याला एकाची नैसर्गिक गळती धरली तर आकडा विशीच्या घरात खाली घसरतो. नेमक्या याच दिवसांत गळीत हंगाम जोरात असतो आणि पहाटे धुके, उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या या सगळ्यांतून वाट काढत मोटारी जातात. अचानक ब्रेक दाबावा लागण्याची वेळ याच दिवसांत सर्वाधिक येते.

उलट चूक उन्हाळ्यात होते. पुण्याहून शंभरावर किलोमीटर पळत आलेले टायर तापलेले असते, त्यात काटा चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो. हवा भरणारा पोरगा म्हणतो, ‘काका, जास्त हाय, सोडतो थोडी.’ तो ती ३२ वर आणतो. रात्री टायर गार झाले की तिथे २७-२८ राहतात आणि दुसऱ्या दिवशी मालक निश्चिंतपणे कुटुंबाला घेऊन तुळजापूरला निघतो. पोरगा वाईट नाही. गरम टायरची हवा सोडायची नसते हे त्याला कुणी शिकवलेले नाही.

आता पंपांबद्दल. मोफत हवा देणे ही पेट्रोलपंपांवर बंधनकारक सोय आहे, तेल कंपन्यांच्या विपणन शिस्तीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती आहे. प्रत्यक्षात दोन्ही तालुक्यांत काय अनुभव येतो? कुठे हवेच्या खांबावर दोरी गुंडाळून ‘बंद आहे’ असा पुठ्ठा लटकवलेला असतो. कुठे यंत्र चालू असते पण माणूस नसतो. कुठे नळीचे तोंड इतके झिजलेले असते की व्हॉल्व्हवर दाबताच हवा आत जाण्याऐवजी फुसफुसत बाहेर येते आणि तेवढ्यात यंत्र ‘झाले’ म्हणून शिट्टी देते. चारचाकी दिसली की न विचारता चारही टायरमध्ये ३५ मारायची पद्धत सर्वत्र आहे, मग ती छोटी हॅचबॅक असो नाहीतर सात जणांची गाडी. स्टेपनी तपासा म्हटले तर डिकी रिकामी करायला सांगतात आणि मागचा हॉर्न वाजवतो. एका पंपावर ३३ भरून निघालेल्या गाडीला दुसऱ्या पंपावर २९ दाखवले जातात. त्यातला खरा कोण, हे ठरवायला चालकाकडे काहीच नसते. पैसे देऊन नायट्रोजन भरण्याचे यंत्र मात्र बहुधा चालू असते. नायट्रोजनला आमचा विरोध नाही, ज्याला हवा त्याने भरावा. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि टायर वाचते ते योग्य दाबाने. विकतची नळी चालू आणि मोफतची बंद, हे आम्हाला मान्य नाही.

पंपमालकांची अडचणही आम्ही ऐकून घेतली आहे. हवेतून त्यांना एक रुपया मिळत नाही, कॉम्प्रेसरची वीज आणि दुरुस्ती त्यांच्या माथी पडते, माणूस टिकत नाही, नळ्या ओढून तोडल्या जातात. यात तथ्य आहे. म्हणून आमची पहिली मागणी थेट तेल कंपन्यांकडे आहे. हवेच्या यंत्राची देखभाल कंपनीने आपल्या खर्चाने करावी. यंत्र बिघडल्यास ते कधी बिघडले आणि कधीपर्यंत दुरुस्त होणार, हे त्या खांबावर मराठीत लिहिलेले असावे. दुरुस्ती आठवड्याच्या पुढे जाऊ नये. पंप जितका वेळ इंधन विकतो तितका वेळ हवा मिळालीच पाहिजे, विशेषतः पहाटे. पहाटेचा आग्रह आम्ही उगीच धरत नाही. हवा गार टायरमध्ये मोजायची असते, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा फार तर तीन किलोमीटर चाललेली असावी. दुपारी बारा वाजता मिळणारी हवा ही निम्मीच सोय आहे.

दुसरी मागणी या पत्राचा गाभा आहे. वैधमापन शास्त्र विभाग पंपावर इंधनाचे माप तपासतो, पाच लिटरचे प्रमाणित माप तिथे ठेवलेले असते आणि ग्राहकाने मागितले तर त्यातून इंधन मोजून दाखवावे लागते. इंधन मापात कमी मिळाले तर ग्राहकाला दाद मागता येते. मग टायरच्या काट्याची तशीच खात्री का मिळू नये? पेट्रोलच्या मापातली चूक खिशाला लागते, काट्यातली चूक गाडीतल्या पाच माणसांना लागते. प्रत्येक पंपावर तपासलेला एक प्रमाण-काटा साखळीने बांधून ठेवावा, ज्यावर कोणताही ग्राहक यंत्राने दाखवलेला आकडा ताडून पाहू शकेल. यंत्राच्या काट्याची पडताळणी सहा महिन्यांतून एकदा व्हावी. पडताळणीची तारीख, आढळलेली चूक आणि पुढची तारीख असलेली चिठ्ठी यंत्रावर डकवावी. दोन पीएसआयपेक्षा जास्त चूक दाखवणारे यंत्र दुरुस्त होईपर्यंत वापरू देऊ नये. सध्याच्या नियमांत हे बसत नसेल तर विभागाने तसे आम्हाला लेखी कळवावे, म्हणजे नियमबदलाची मागणी आम्ही पुढे नेऊ. पण कुणाच्याच कक्षेत येत नाही म्हणून काटा अनाथ राहावा, हे चालणार नाही.

तिसरी मागणी पंपापासून दूर असलेल्या गावांसाठी आहे. नीरा आणि भीमेच्या काठच्या कितीतरी गावांना जवळचा पंप आठ-दहा किलोमीटरवर आहे. तिथून गाडी पंपावर पोचेपर्यंत टायर गरम झालेले असते. या गावांचा खरा आधार म्हणजे फाट्यावरचा पंक्चरवाला. त्याच्यावर कारवाईचा बडगा कुणी उगारू नये, त्याला हाताशी धरावे. दोन्ही तालुक्यांतल्या पंक्चर दुकानदारांची परिवहन कार्यालयाने नोंद करावी, आयटीआयमधून त्यांचे एक दिवसाचे प्रशिक्षण घ्यावे आणि प्रत्येकाला एक चांगला, तपासलेला हातकाटा द्यावा. शिकवायचे मोजकेच आहे. गाडीचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीवर असतो, काही गाड्यांत तो इंधनाच्या झाकणाच्या आत असतो. टायरच्या बाजूवर छापलेला पीएसआयचा आकडा ही टायरची कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. भरल्या गाडीचा आकडा वेगळा आणि बहुधा मागच्या टायरसाठी जास्त असतो. तापलेल्या टायरची हवा सोडायची नाही. हवा भरून झाल्यावर व्हॉल्व्हवर थुंकी किंवा साबणाचे पाणी लावून फुगा येतो का पाहायचे आणि टोपी परत बसवायची. टोपी हरवली तर धूळ आत जाते आणि व्हॉल्व्ह गळू लागतो. शिकायला एक सकाळ पुरे आणि तेवढ्यावर शेकडो गाड्यांची हवा नीट राहील.

गाडीवरच्या चिठ्ठीबद्दलही एक विनंती आहे. ती इंग्रजीत असते, त्यात किलोपास्कल, बार आणि पीएसआय असे तीन तीन आकडे असतात. अनेकांना त्यातला कोणता आकडा सांगायचा हेच कळत नाही. दोन्ही तालुक्यांतल्या मोटार विक्रेत्यांनी गाडी ताब्यात देताना मराठीत एक लहान पत्रक द्यावे : पुढे इतकी, मागे इतकी, सगळी माणसे आणि सामान असेल तेव्हा इतकी, स्टेपनीत इतकी. नवी गाडी आवारात उभी असताना टायरमध्ये बऱ्याचदा जास्त हवा भरून ठेवलेली असते, ती ठरलेल्या आकड्यावर आणल्याशिवाय गाडी देऊ नये.

चौथी मागणी परिवहन कार्यालयाकडे आहे. प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, तेव्हा टायर बघितले जातात. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते. या पंधरा वर्षांत कुणी सरकारी माणूस तिच्या टायरकडे बघेलच असे नाही. मधल्या काळात ती गाडी कुठे थांबत असेल तर पीयूसी केंद्रावर. तिथे धूर मोजताना चारही चाकांची आणि स्टेपनीची हवा मोजावी, खाचांची खोली पाहावी आणि हे आकडे वेगळ्या पावतीवर चालकाला द्यावेत. दंड नको, प्रमाणपत्र अडवणेही नको, फक्त आकडा हातात मिळावा. बारामती कार्यालयाने एमएच-४२ च्या गाड्यांसाठी हा प्रयोग स्वेच्छेने सुरू करावा आणि राज्यभरासाठी परिवहन आयुक्तांकडे शिफारस पाठवावी. लायसन्सच्या परीक्षेत प्रत्येक उमेदवाराकडून एका टायरची हवा मोजून घ्यावी, हेही आम्ही सुचवतो. गाडी मागे घेता येते की नाही हे आपण बघतोच, तिथेच दोन मिनिटे आणखी लागतील.

नव्या गाड्यांत हवेची सूचना देणारा दिवा असतो, मग एवढ्या खटाटोपाची गरज काय, असे कुणी विचारेल. तो दिवा कसा आला हे लक्षात घ्यावे. अमेरिकेत २००० साली फायरस्टोन कंपनीला लाखो टायर परत घ्यावे लागले, त्या टायरांशी जोडल्या गेलेल्या अपघातांत दोनशेहून अधिक माणसे दगावली होती. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि पुढे २००७ पासून नव्या मोटारींना हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्या नियमानुसार ठरलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्के कमी झाली की दिवा लागतो. म्हणजे ३२ च्या टायरमध्ये २४ उरेपर्यंत दिवा गप्प राहिला तरी तो नियमात बसतो. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. ही यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा संच दिला तर लहान प्रवासी मोटारीत स्टेपनी नसली तरी चालेल, अशी मुभा देण्यात आली. शहरात हे ठीक असेल. रात्री शेटफळगढे ते भिगवण या वाटेवर टायरची बाजू फाटली तर संचातला चिकट द्राव कामाचा नाही. शिवाय आमच्या संघटनेच्या सदस्यांच्या बहुसंख्य गाड्या त्या दिव्याच्या आधीच्या आहेत आणि अजून बरीच वर्षे चालायच्या आहेत.

महामार्गांबद्दल. पुणे–सोलापूर महामार्ग भिगवण आणि इंदापूरवरून जातो. पाटस, बारामती, इंदापूर, अकलूज असा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग चौपदरी होत गेला तशी त्यावरची सरासरी गती वाढली. वेग वाढला की टायर जास्त तापते आणि कमी हवेला मिळणारी माफी संपते. ताशी पन्नासने गावातल्या गावात जे टायर वर्षभर निभावले, ते ताशी शंभरला तासाभरात हार मानू शकते. समृद्धी महामार्ग २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाल्यानंतर तिथे प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासण्याची आणि गोटा टायरची गाडी अडवण्याची मोहीम परिवहन खात्याला हाती घ्यावी लागली. तो शहाणपणा आमच्या रस्त्यांवर अपघात मोजून झाल्यावर येऊ नये. सरडेवाडी टोलनाक्यावर आणि पालखी मार्गावर बारामती ते इंदापूर यांदरम्यान किमान एका ठिकाणी, दोन्ही बाजूंना, चोवीस तास चालणारी मोफत हवेची सोय प्राधिकरणाने करावी. टायर गार होईपर्यंत थांबता येईल अशी सावलीची जागा शेजारी असावी आणि गरम टायरमध्ये काय करावे, काय करू नये याचा मोठ्या अक्षरांतला मराठी-हिंदी फलक असावा.

आषाढी वारीचा वेगळा उल्लेख करणे आम्हाला आवश्यक वाटते. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. या दिवसांत दिंड्यांचे सामान, पाण्याचे टँकर, भाविकांच्या जीपगाड्या, नातेवाइकांना भेटायला निघालेल्या मोटारी हे सगळे चालत्या माणसांच्या अगदी लगत असते. टपावर, डिकीत, सीटखाली ओझे भरलेले असते आणि हवा मात्र रिकाम्या गाडीची. महामार्गावर टायर फुटले तर गाडीतली माणसे धोक्यात येतात, इथे बाजूने चालणारी म्हातारी माणसे चिरडली जातील. पालखी बारामतीत येण्याच्या आदल्या दोन दिवसांत बारामती आणि इंदापूर या दोन्ही ठिकाणी वारीतल्या वाहनांसाठी टायर तपासणीची मोफत शिबिरे व्हावीत. माणसे आम्ही देतो, कॉम्प्रेसर आणि जागा प्रशासनाने द्यावी.

गळीत हंगामाचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. ऊस माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर अशा चहूकडच्या कारखान्यांकडे जातो आणि त्या वाटांवर तारेचे तुकडे, ट्रॉलीचे सुटलेले बोल्ट आणि बैलांच्या पायांतल्या पत्र्यांचे बारीक खिळे पडतात. या खिळ्यांनीच ट्यूबलेस टायरला महिनाभर पुरणारी संथ गळती लागते. बीड आणि नगरकडून पोटासाठी येणाऱ्या तोडणी कामगारांना यात कुणी बोल लावू नये. पत्री ठोकण्याच्या जागेवरचे खिळे गोळा करायला एक डबा ठेवणे आणि कारखान्याकडे वळणाऱ्या रस्त्यावरून आठवड्यातून एकदा ट्रॅक्टरमागे चुंबकाची पट्टी फिरवणे, एवढ्याने बरेच काम होईल. यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांनी हंगामापूर्वीच्या बैठकीत सर्व कारखान्यांना सूचना द्यावी.

आमच्याकडून काय होईल तेही लिहून देतो, कारण मागण्या एकतर्फी असू नयेत. प्रत्येक सदस्याच्या गाडीत स्वतःचा हातकाटा असेल, चांगला काटा काही शे रुपयांत मिळतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी गाडी हलवण्याआधी पाचही टायर मोजले जातील आणि आकडा वहीत लिहिला जाईल. खाचांतल्या खुणेपर्यंत झिजलेले टायर सदस्य वापरणार नाहीत, स्वस्तात मिळणारे जुने टायर भाड्याच्या गाडीला लावणार नाहीत. विम्याच्या साध्या पॉलिसीत फक्त टायरचे नुकसान झाले तर भरपाई मिळत नाही आणि गाडीबरोबर टायर गेले तरी निम्मीच मिळते, हे आम्ही गावोगाव सांगू, म्हणजे टायर जपण्याकडे लोकांचे लक्ष जाईल. प्रमाण-काटा मिळाल्यास पंपांवरच्या पडताळणीच्या वेळी आमचा प्रतिनिधी स्वखर्चाने हजर राहील.

या मागण्यांवर विचार करण्यासाठी आपण सर्व संबंधित कार्यालये, तेल कंपन्यांचे प्रतिनिधी, पंपमालक आणि पंक्चर दुकानदार यांची संयुक्त बैठक हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत बारामती येथे बोलवावी. काट्यांची पहिली पडताळणी यंदाचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हावी. तसे न झाल्यास आम्ही रस्ता अडवणार नाही, त्या रस्त्यावरून रुग्णवाहिका जातात. ज्या पंपावर हवा बंद आढळेल तिथल्या तक्रार पुस्तकात प्रत्येक सदस्य त्याच दिवशी तक्रार लिहील, तिची प्रत संबंधित तेल कंपनीला आणि तहसीलदारांना देईल आणि उत्तर येईपर्यंत दर सोमवारी तिचा पाठपुरावा करील.

आपले,
बारामती व इंदापूर तालुक्यांतील मोटारमालक व चालकांच्या संघटनेच्या वतीने
अध्यक्ष / सचिव

प्रत माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी :
जिल्हाधिकारी, पुणे
परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई
बारामती व इंदापूर विधानसभा मतदारसंघांचे लोकप्रतिनिधी